जुन्या कर्जाचा फोन आला तर आधी तारीख विचारा

रहिमतपूरला माझे मामा असतात. २००९ साली त्यांनी एका खासगी फायनान्स कंपनीकडून कर्ज काढून मालवाहू टेम्पो घेतला. दोन वर्षं हप्ते नीट गेले. मग आल्याचा भाव पडला, भाडी मिळेनात, हप्ते थकले आणि २०११ मध्ये कंपनीची माणसं टेम्पो ओढून घेऊन गेली. पुढे अकरा वर्षं कुणी काही विचारलं नाही. २०२२ च्या पावसाळ्यात एका वेगळ्याच कंपनीच्या नावाने फोन सुरू झाले. तुमचं कर्ज आम्ही विकत घेतलंय, व्याजासकट सहा लाख दहा हजार झालेत, भरा. आठवड्याभराने दोघे जण घरी आले. मामी घाबरून रडायला लागली. त्यांनी टाइप केलेला एक कागद पुढे सरकवला: बाकी मान्य आहे, दरमहा दोन हजार भरीन. मामांनी सही केली. खाली साक्षीदार म्हणून मी सही केली, कारण मला वाटलं, बरं झालं, सोप्यात मिटलं.

त्या सहीच्या आदल्या दिवसापर्यंत त्या कंपनीचा दावा कोर्टात टिकला नसता, कारण तो लावायची कायद्याची मुदत कधीच संपली होती. सहीनंतर टिकण्यासारखा झाला. हे मला नंतर कळलं, साताऱ्याच्या कोर्टात एका वकीलबाईंनी तो कागद वाचून माझ्याकडे पाहिलं तेव्हा. तेव्हापासून ओळखीपाळखीत कुणाला जुन्या कर्जाचा फोन किंवा नोटीस आली की मी त्यांच्याबरोबर बसतो, कागद लावतो. ज्यांच्यावर ही वेळ पहिल्यांदाच आली आहे त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

पहिली पायरी: फोनवर काहीच कबूल करू नका

समोरचा माणूस रकमेवर बोलतो. तुम्ही तारखेवर बोला. एवढंच विचारा: कर्ज कुठल्या तारखेचं, कुठल्या शाखेचं, खाते क्रमांक काय, शेवटचा हप्ता कधी जमा झाला, तुम्ही मूळ बँकेचे की कर्ज विकत घेतलेल्या कंपनीचे? आणि सांगा, "जे असेल ते लेखी पाठवा, मी कागद बघून उत्तर देतो." फोन ठेवा. तारीख, वेळ, नंबर वहीत लिहा.

"हो हो, राहिलंय खरं, पण सध्या अडचण आहे" हे आपल्या तोंडात पटकन येतं. आपण सभ्य माणसं आहोत, देणेकरी म्हणवून घ्यायची लाज वाटते, म्हणून अडचण सांगतो. तोंडी बोलण्याने कायद्याची मुदत नव्याने सुरू होत नाही, पण तेच वाक्य मेसेजवर किंवा मेलवर गेलं की ते लेखी होतं. म्हणून व्हॉट्सअॅपवर तर अजिबात उत्तर देऊ नका. "थोडी सवलत द्या" असा मेसेजसुद्धा नको.

हे खरंच बँकेचे लोक आहेत का, हेही बघा. वसुलीला येणाऱ्या माणसाकडे ओळखपत्र आणि बँकेचं किंवा कंपनीचं अधिकारपत्र असलं पाहिजे. दाखवा म्हणायला लाजू नका, फोटो काढून घ्या. कुणाच्या वैयक्तिक नंबरवर पैसे पाठवायला सांगितलं तर ते कधीच पाठवू नका. जुन्या थकबाकीदारांच्या याद्या घेऊन फसवणारेही फिरतात. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

दुसरी पायरी: कर्ज कुठल्या जातीचं आहे ते ओळखा

इथे बहुतेक जण चुकतात, कारण एकाच्या कर्जाला लागू असलेला नियम दुसऱ्याला सांगितला जातो. पारावर कुणी तरी म्हणतं, "तीन वर्षं झाली की कर्ज बुडालं." ते काही कर्जांबाबत अर्धं खरं आहे आणि आपल्याकडच्या बऱ्याच कर्जांबाबत चूक आहे.

मुदतीचा कायदा १९६३ चा आहे. साधं विनातारण कर्ज, हातउसने पैसे, वचनचिठ्ठी, क्रेडिट कार्ड, वैयक्तिक कर्ज यांच्या वसुलीचा दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. मागणीबरहुकूम देय, म्हणजे मागितल्यावर लगेच द्यायची, अशी वचनचिठ्ठी असेल तर तीन वर्षं चिठ्ठीच्या तारखेपासूनच मोजतात. हप्त्याच्या कर्जात प्रत्येक हप्त्याची मुदत वेगळी चालते, म्हणून घरी अंदाज बांधताना करारातला शेवटचा हप्ता भरायच्या तारखेपासून तीन वर्षं धरा, म्हणजे चूक झाली तरी आपल्या गैरसोयीची होणार नाही.

घर किंवा जमीन गहाण असेल तर त्या गहाणावर वसुलीची मुदत बारा वर्षं आहे. कोर्टाचा हुकूमनामा आधीच झालेला असेल तर त्याची दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, हुकूमनाम्यापासून बारा वर्षांपर्यंत लावता येते. म्हणजे २०१५ चा हुकूमनामा २०२६ मध्ये दारात येऊ शकतो, तो जुना आहे म्हणून फेकून देता येत नाही. सरकारचं येणं असेल तर दाव्याची मुदत तीस वर्षं.

कोरोनाचा काळ वेगळा मोजावा लागतो. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्वोच्च न्यायालयाने मुदतीच्या मोजणीतून वगळला आहे. म्हणजे ज्या कर्जाची तीन वर्षं जून २०१९ पासून सुरू झाली त्याची मुदत जून २०२२ ला नाही, साधारण २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत गेली. जे मार्च २०२० च्या आधीच मुदतबाह्य झालं होतं त्याला याचा काही फरक पडत नाही. मामांचं कर्ज २०१४ च्या आसपासच मुदतबाह्य झालं होतं.

मुदत संपली म्हणजे कर्ज नाहीसं झालं असं मात्र नाही. कोर्टातून वसूल करण्याचा रस्ता बंद होतो, देणं कागदावर उरतंच. तुम्ही आपणहून भरलं तर ते परत मागता येत नाही. बँकेकडे तुमची ठेव तारण असेल तर बँक ती वळती करून घेऊ शकते. एका जामीनदाराची तारण ठेव बँकेने मुदतबाह्य कर्जात वळती केली, ते सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये योग्य ठरवलं होतं. म्हणून ज्या बँकेशी जुना वाद आहे तिथे नवीन ठेव ठेवू नका, पगाराचं खातंही दुसरीकडे हलवता आलं तर हलवा.

तिसरी पायरी: सही नाही, चेक नाही, पाचशे रुपयेही नाहीत

पायरी छोटी आहे, पण मला सगळ्यात जास्त काळजी हिचीच वाटते.

मुदत संपायच्या आत तुम्ही सही करून बाकी कबूल केली तर त्या तारखेपासून नवी मुदत सुरू होते. थोडी रक्कम भरली आणि त्याची नोंद तुमच्या हस्ताक्षरात किंवा सहीने झाली तरी तेच. मुदत संपल्यावर लेखी सही करून "फेडीन" असं वचन दिलंत, तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २५(३) प्रमाणे तो नवा करार होतो. मामांच्या कागदात नेमकं हेच होतं.

कबुली किती सहज होते ते बघा. "तुमचे पैसे आहेत पण मी देणार नाही" असं लिहिलं तरी ती कबुली धरली जाऊ शकते. ती सावकाराला किंवा बँकेलाच लिहिलेली असावी असंही नाही. कलेक्टरांना, आमदारांना, रिझर्व्ह बँकेला पाठवलेल्या तक्रारीत तुम्ही "माझं अमुक बँकेचं चार लाख कर्ज आहे" असं सहीनिशी लिहिलंत तरी ती कबुली ठरू शकते. बँका दरवर्षी पाठवतात ती शिल्लक कबुलीची पत्रंही हेच काम करतात. ती पोस्टाची पोच समजून सही करू नका, मजकूर वाचा.

चेक देऊ नका. चेक म्हणजे लेखी वचनच समजलं जाऊ शकतं आणि तो वटला नाही तर कलम १३८ ची फौजदारी मागे लागते. पूर्वी सही करून दिलेले कोरे चेक त्यांच्याकडे असतील तर ते भरून लावले जाण्याची भीती खरी आहे. सही करून दिलेला कोरा चेक दुसऱ्याने भरला म्हणून तो आपोआप निरर्थक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. अशा चेकची नोटीस आली तर पंधरा दिवसांची मुदत असते. त्याच आठवड्यात वकील गाठा.

इथे जरा मागे जातो, कारण हा डाव आपल्या भागाला नवा नाही. १८५९ साली इंग्रजांनी कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत लावली. हेतू चांगला असेल, पण सावकाराने काय केलं, दर दोन-अडीच वर्षांनी कुणब्याला बोलावून "कागद नवा" करून घ्यायला सुरुवात केली. थकलेलं व्याज मुद्दलात, त्यावर नवं व्याज, खाली अंगठा. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला दंगा झाला तेव्हा लोकांनी मुख्यतः सावकाराचे हे कागदच जाळले. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा आला, तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यात मुदत वाढवली, म्हणजे कागद सारखा नवा करायचं निमित्त राहू नये, आणि शेतकऱ्याला पावती व हिशोब मागण्याचा हक्क दिला. दीडशे वर्षांनी माझ्या मामांच्या ओसरीवर तोच कागद नवा झाला, अंगठ्याच्या जागी सही आणि शाईच्या जागी प्रिंटर.

चौथी पायरी: लेखी हिशोब मागा

पत्र साधं असू द्या. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती आणि एक प्रत जपून ठेवा. मी लोकांना हा मजकूर देतो:

"आपल्या दिनांक ______ च्या पत्रात / फोनवर सांगितलेली कोणतीही रक्कम मी आपले देणे लागतो हे मला मान्य नाही. आपल्या मागणीची पडताळणी करण्यासाठी पुढील कागद पाठवावेत: मूळ कर्जकरार व त्यावरील सह्या, कर्ज खात्याचा सुरुवातीपासूनचा पूर्ण उतारा, शेवटच्या भरण्याची तारीख, तारण विकले असल्यास विक्रीची रक्कम व तारीख, आणि कर्ज आपल्याकडे वर्ग झाले असल्यास त्या कराराची प्रत. हे पत्र म्हणजे कोणत्याही देण्याची कबुली नाही. यापुढील पत्रव्यवहार लेखीच करावा."

पहिलं आणि शेवटून दुसरं वाक्य वगळू नका. मधला मजकूर तुमच्या प्रकरणाप्रमाणे बदला.

उतारा आला की तो आधी आपल्या वहीवर, पावत्यांवर ताडून बघा. मामांच्या उताऱ्यात टेम्पो विकून आलेले पैसे जमाच नव्हते. ऊस बिलातून झालेली कपात जमा झालेली नसणं, शेअर्सची रक्कम वळती न करणं, दंडव्याजावर व्याज, हे मी स्वतः बघितलं आहे. सोसायटीचं किंवा जिल्हा बँकेचं पीककर्ज असेल तर ते माफीत बसलं होतं का हेही तपासा. २०१७ च्या योजनेत दीड लाखापर्यंत आणि २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत दोन लाखांपर्यंतची थकबाकी होती. दुसऱ्या योजनेत १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात उचललेलं आणि ३० सप्टेंबर २०१९ ला थकीत असलेलं पीककर्ज धरलं होतं. भूविकास बँकेच्या थकीत कर्जांना शासनाने २०२२ मध्ये माफी दिली, तरी सातबाऱ्यावरचा तिचा बोजा कुणी काढून घेतला नाही अशी उदाहरणं असतात. सातबारा काढून "इतर हक्क" हा रकाना आज वाचा, फोन यायची वाट बघू नका.

सिबिलचा, म्हणजे तुमच्या कर्जांच्या नोंदींचा, अहवालही काढून घ्या. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांना वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. कर्ज कुणाच्या नावावर आहे, कधी बुडीत खाती टाकलं, हे त्यात दिसतं. चुकीची नोंद असेल तर लेखी हरकत घ्या. तीस दिवसांत निकाल लावला नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायचा नियम आहे.

पाचवी पायरी: आलेला कागद नेमका कोणता

वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा कागद नव्हे. वर वकिलाचं नाव आणि खाली सही असेल तर वरच्यासारखं उत्तर वकिलामार्फत द्या.

लोकअदालतीची नोटीस पाहून सगळ्यात जास्त लोक घाबरतात, कारण वर न्यायालयाचं नाव असतं. बँका दाव्याआधीचं प्रकरण म्हणून शेकडो जुनी खाती राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवतात. तिथे कुणी तुमच्यावर जबरदस्तीने निकाल लादू शकत नाही, दोघांची संमती असेल तरच तडजोड होते. पण झालेल्या तडजोडीवर अपील नाही आणि ती हुकूमनाम्यासारखी बजावता येते. साध्या कर्जाची तीन वर्षं कधीच उलटून गेली असतील तर तिथल्या टेबलावर घाईत सही करणं म्हणजे मामांनी केलं तेच, फक्त जास्त पक्कं. जायला हरकत नाही. जा, ऐका, बँकेचा आकडा लिहून घ्या, "विचार करून सांगतो" म्हणा आणि घरी या.

समन्स मात्र समन्स असतं. बेलिफ घेऊन येतो, त्यावर दावा क्रमांक आणि हजर राहायची तारीख असते. कर्ज कितीही जुनं असो, ही तारीख चुकवू नका. मुदतबाह्य दावा कोर्टाने स्वतःहून फेटाळावा असं कायद्यात लिहिलं आहे, तरी दाव्यात जुनी कबुलीपत्रं लावलेली असतात आणि ती सही तुमची नाही हे सांगायला तुम्हीच नसाल तर एकतर्फी हुकूमनामा होतो. कैफियत, म्हणजे आपलं लेखी उत्तर, द्यायला समन्स बजावल्यापासून तीस दिवस, फार तर नव्वद. एकतर्फी हुकूमनामा झालाच असेल तर तो रद्द करून घेण्याचा अर्जही तीस दिवसांचा आहे. समन्स मिळालंच नसेल तर हे तीस दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. आपल्या नावावर काही दावा आहे का हे ई-कोर्ट्सच्या अॅपवर नाव टाकून बघता येतं. कराड, वाई, फलटण, मिरज, तासगाव, विटा, जत, जिथे तुमचं कर्ज होतं त्या तालुक्याचं कोर्ट निवडून शोधा.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, तालुक्याच्या कोर्टात त्यांची समितीही असते. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांना आपल्या राज्यात वार्षिक तीन लाखांपर्यंतच्या उत्पन्नाची मर्यादा आहे. फोन १५१००. आम्हाला भेटलेल्या वकीलबाई अशाच मिळाल्या होत्या.

पतसंस्था आणि सोसायटी: इथे तीन वर्षांवर विसंबू नका

सातारा-सांगलीत खरी कर्जं सहकारातली. गल्लोगल्ली पतसंस्था, गावोगाव विकास सोसायटी. त्यांच्यासाठी १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आहे आणि त्यातला मुदतीचा नियम वेगळा आहे. सभासदाकडून येणं असलेल्या रकमेचा वाद सहकार न्यायालयात नेताना मुदत सुरू होते ती सभासद मरण पावतो किंवा त्याचं सभासदत्व संपतं त्या दिवसापासून. कर्ज घेताना तुम्हाला नाममात्र सभासद करून घेतलेलं असतं, ते यासाठीही उपयोगी पडतं. म्हणून पतसंस्थेच्या पंधरा वर्षांपूर्वीच्या कर्जाला "तीन वर्षं झाली" हे उत्तर घेऊन गेलेला माणूस हात हलवत परत येतो.

त्यातून संस्था बहुधा कोर्टात जातच नाही. ती कलम १०१ खाली सहायक निबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करते. दाखला मिळाला की वसुली अधिकारी जप्ती आणि लिलाव करू शकतो. दाखल्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज करायचा तर आधी येणं रकमेच्या पन्नास टक्के संस्थेत भरावे लागतात. म्हणजे दाखला निघाल्यावर बोलायचं ठरवलं तर बोलायचीच किंमत अर्धं कर्ज आहे.

म्हणून दाखला निघण्याआधीची सुनावणी ही तुमची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगली संधी. नोटीस आली की निबंधक कार्यालयात हजर राहा आणि लेखी म्हणणं द्या, पोच घ्या. म्हणण्यात मागा: खाते उतारा, व्याजदराचा ठराव, भरलेल्या पावत्यांची नोंद, शेअर्स आणि ठेवींचा हिशोब, जामीनपत्रावरची मूळ सही. सही तुमची नसेल तर तिथेच सांगा. मी पाहिलेल्या बऱ्याच प्रकरणांत माणूस त्या तारखेला गेलेलाच नसतो, कारण त्याला ती नोटीस नेहमीच्या वसुलीच्या पत्रांसारखीच वाटलेली असते. कागदावर "कलम १०१" शोधा.

जामीनदारांना वेगळं सांगतो, कारण आपल्याकडे मित्राला, मेहुण्याला, सहकाऱ्याला चहा पिता पिता जामीन राहतात. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असं त्याला सहसा म्हणता येत नाही. करारात काय लिहिलंय ते वाचूनच पुढे बोला.

वडिलांचं कर्ज

"बापाचं देणं पोरानं फेडावं" हे आपल्या रक्तात आहे आणि वसुलीवाल्यांना ते चांगलं ठाऊक असतं. कायदा असं सांगतो की वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या वारशापुरती. वडिलांची दोन एकर तुमच्याकडे आली असेल तर त्या दोन एकरांच्या किमतीपर्यंत. तुमच्या पगारातून, तुम्ही स्वतः घेतलेल्या घरातून नाही. हिंदू मुलावर वडिलांचं कर्ज फेडण्याचं जे धार्मिक बंधन कोर्टं मानायची, ते २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने त्यानंतरच्या कर्जांपुरतं काढून टाकलं आहे. मुदतीचा प्रश्न वारसालाही तसाच लागू होतो. आणि वारस म्हणून नवा कागद सही करून दिलात, तर जे देणं वारशापुरतं होतं ते तुमचं स्वतःचं होऊन बसेल. फेडायचं असेल तर मनापासून फेडा, त्यात मोठेपणच आहे. पण किती आणि कुठून, हे आधी ठरवा.

खासगी सावकार

परवाना नसलेल्या सावकाराचा दावा कोर्टात टिकत नाही, आणि २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवाना आहे का ते सहायक निबंधक कार्यालयात कळतं. कर्जापोटी जमिनीचं खरेदीखत करून दिलं असेल आणि त्याला पंधरा वर्षं झाली नसतील तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करा. चौकशीत तो व्यवहार सावकारीचा निघाला तर खरेदीखत रद्द ठरवून जमीन परत देण्याचा अधिकार त्यांना आहे. पंधरा वर्षांची ही तारीख जवळ आली असेल तर पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

त्रास दिला तर

कर्ज खरं असो वा खोटं, जुनं असो वा नवं, माणसाला बाजारात अडवून, शेजाऱ्यांना फोन करून, बायकोला धमकावून वसुली करायचा अधिकार कुणालाही नाही. बँका, फायनान्स कंपन्या आणि कर्ज विकत घेणाऱ्या कंपन्यांच्या लोकांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करू नयेत, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावलं आहे. बचत गटाच्या धर्तीवरच्या मायक्रोफायनान्स कर्जासाठी ही वेळ नऊ ते सहा आहे. आधी त्या बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, माहितीसाठी १४४४८. तक्रार लिहिताना वरची गोष्ट ध्यानात ठेवा: "माझं कर्ज आहे" नको, "ज्या कथित कर्जाबाबत फोन येतात" असं लिहा. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाही, तिची तक्रार निबंधकांकडे. घरात घुसून धमकी दिली तर ११२. पोलीस ठाण्यात "हा दिवाणी मामला आहे" असं म्हणतील, तेव्हा शांतपणे सांगा की तक्रार कर्जाची नाही, धमकीची आहे.

मिटवायचंच ठरलं तर

काही वेळा मिटवणंच बरं असतं. गहाण जमीन मोकळी करायची असते, मुलीच्या शिक्षणासाठी नवं कर्ज काढायचं असतं, किंवा देणं ठेवून मनाला चैन पडत नाही. तेव्हा एकरकमी परतफेडीचं बोला. पहिला आकडा त्यांना सांगू द्या. रकमेवर तोंडी जमलं की पैसे देण्याआधी लेटरहेडवर पत्र घ्या: अमुक खात्यापोटी अमुक रक्कम अमुक तारखेपर्यंत भरल्यास पूर्ण आणि अंतिम परतफेड समजू, जामीनदारही मोकळे. पैसे बँकेतून, कर्ज खात्यातच भरा. रोख नको.

मामांचं आम्ही असंच मिटवलं. वकीलबाईंनी टेम्पोच्या विक्रीचा हिशोब धरून लावला, तेव्हा सहा लाखांचे पंचाऐंशी हजार झाले. मामांनी एक म्हैस विकली, उरलेले मी घातले.

भरल्यावर काम संपत नाही. बेबाकी दाखला, म्हणजे काही बाकी नाही असं पत्र, घ्या. कोरे चेक, वचनचिठ्ठी, मूळ दस्त परत मागा. बँक किंवा फायनान्स कंपनीने तारण मालमत्तेचे मूळ कागद तीस दिवसांत परत द्यायचे असतात, तिच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई आहे. दोन महिन्यांनी सिबिल पुन्हा काढून खातं बंद दाखवतंय का ते बघा. सातबाऱ्यावर बोजा असेल तर बँकेचं बोजा कमी करण्याचं पत्र तलाठ्यांकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, द्या आणि फेरफार क्रमांक विचारून घ्या. फेरफार मंजूर झाला की नवा सातबारा काढा आणि "इतर हक्क" हा रकाना स्वतःच्या डोळ्यांनी रिकामा झालेला बघा.